'जनक' नको, मग काय?

एका वाचकाचा प्रश्न: "अमेरिकन स्नोबोर्डर क्रेग केलीवर लेख लिहितोय. 'पायोनियर'पाशी अडलोय. 'स्नोबोर्डिंगचा जनक' चालेल, की 'प्रणेता', 'अग्रणी' बरं?"

'जनक' नको. दादासाहेब फाळके चित्रपटसृष्टीचे जनक म्हणताना आपण मानतो की ही गोष्ट इथे त्यांच्यापासून सुरू झाली. केली जन्मला १९६६ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, नाताळात, मिशिगनमधल्या शर्मन पॉपेननं दोन स्की एकमेकींना जोडून मुलीसाठी बर्फावर उभ्यानं घसरायची फळी केली होती, म्हणजे स्नोबोर्डचं पहिलं रूपच. बायकोनं 'स्नो' आणि 'सर्फ' एकत्र करून तिचं 'स्नर्फर' असं बारसंही केलं. म्हणजे 'जनक' जन्मायच्या आधीच पोर रांगायला लागलं होतं! पुढे जेक बर्टन आणि टॉम सिम्स यांनी त्या फळीचा धंदा उभा केला. या दोघांना 'प्रवर्तक' म्हणा, शोभेल.

'अग्रणी' केलीला लागू पडतो, पण अर्धाच. चार वेळा जगज्जेता, तीन वेळा अमेरिकेचा विजेता. स्पर्धेत तो पुढे होताच. सिम्सच्या कंपनीकडून तो बर्टनच्या कंपनीकडे गेला तेव्हा कोर्टकज्जा झाला. त्या काळातला त्याचा बोर्ड कोरा काळा, ना चित्र ना नाव. तरी तो कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक.

खरी गोष्ट पुढची आहे. ऐन भरात असताना त्यानं स्पर्धा सोडली आणि दूरच्या डोंगरांतला, कोणी न तुडवलेला बर्फ धरला. पदकांच्या मागे न लागता, केवळ डोंगर उतरून आणि त्याचं चित्रण करूनही व्यावसायिक स्नोबोर्डर राहता येतं, हे पुढच्या पिढीला दिसलं ते त्याच्यामुळे. याला मराठीत नेमका शब्द आहे: पायंडा. केलीनं पायंडा पाडला.

गंमत बघा. 'पायोनियर' फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ सैन्यापुढे जाऊन खंदक खणणारा, रस्ता करणारा पायदळी शिपाई. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला पायाचा शब्द आहे. तो आणि संस्कृत 'पाद' एकाच कुळातले. आपला 'पाय' या 'पाद'चाच, आणि बुद्धिबळातलं प्यादंही फारसीतून आलेला त्यांचा चुलतभाऊ. तेव्हा 'पायोनियर'मध्ये 'पाय' ऐकू येतो तो अगदीच कानाचा भास नाही.

केलीच्या बाबतीत तर हे शब्दशः. तो दोन भागांत सुटणारा बोर्ड वापरायचा. चढताना ते भाग पायांत स्कीसारखे बांधायचे, माथ्यावर पुन्हा जोडायचे. ताज्या बर्फात पुढचा माणूस वाट पाडतो, मागचे त्याच्या मागावरून येतात. कॅनडात तो पर्वतीय वाटाड्या होण्याचं प्रशिक्षण घेत होता. २० जानेवारी २००३ रोजी ब्रिटिश कोलंबियात रेव्हलस्टोकजवळ हिमस्खलनात सात जण गेले, त्यांत तो होता. वय ३६.

तर शीर्षकात 'वाट पाडणारा' घ्या, मजकुरात 'पायंडा पाडला' असं क्रियापदासह. नुसता 'पायंडा' लोंबकळतो. आणि 'वाटाड्या' शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवा, तिथे तो अक्षरशः खरा आहे. 'स्नोबोर्डर'चं 'हिमफलकपटू' मात्र कृपा करून करू नका. 'हिमफलक' म्हटलं की मला बर्फावर रोवलेली 'पुढे धोका आहे' अशी पाटीच दिसते.