अमेरिकेत गौरेतर कलाकारांना वस्तीसोबत काम करता येईल अशा रेसिडेन्सी (कलाकाराला ठरावीक काळ एखाद्या ठिकाणी काम करू देणारे उपक्रम) कोणत्या? अर्जात काय लिहावं?

आधी ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमधलं ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ पाहा. १९९३ साली सात कृष्णवर्णीय कलाकारांनी ते सुरू केलं. एकामागे एक खोल्या असलेली २२ अरुंद लाकडी घरं पाडायच्या बेतात होती, ती वाचवली. काही घरांत कलाकार मांडणशिल्पं करतात. त्याच आवारात एकट्या तरुण आयांना मुलांसह राहून शिकता यावं म्हणूनही घरं दिली गेली. म्हणजे प्रेक्षक शेजारीच! न्यूयॉर्कचा ‘लॉन्ड्रोमॅट प्रोजेक्ट’ वस्तीतल्या कपडे धुण्याच्या दुकानांत कला नेण्याच्या कल्पनेतून उभा राहिला. न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातलं ‘स्टुडिओ म्युझियम’ नावाजलेलं, पण तिथे भर स्टुडिओतल्या कामावर.

अर्ज बहुतेकदा एकाच जागी फसतो: ‘स्थानिकांना सहभागी करून घेऊ’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणते स्थानिक, कुठे, कोणाच्या ओळखीने? तिथल्या एखाद्या ग्रंथालयाचं किंवा चर्चचं संमतिपत्र जोडा. बजेटमध्ये सहभागींचं मानधन, दुभाषा, खाणं आणि मुलं सांभाळण्याची सोय वेगळी दाखवा. नाहीतर संध्याकाळच्या कार्यशाळेला आया येऊच शकत नाहीत. पहिले काही आठवडे फक्त भेटीगाठींसाठी मोकळे ठेवा. तयार आराखडा घेऊन गेलात तर लोक नुसते बघे होतात. शहराबाहेरचे, परदेशी कलाकार चालतात का, हे मात्र सगळ्यात आधी तपासा.