ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर चालेल असा मोफत कार रेसिंग गेम कोणता?

सरळ ‘सुपरटक्सकार्ट’ घ्या. पूर्ण मोफत, मुक्तस्रोत (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), जाहिराती नाहीत, पैसे भरून उघडायच्या गाड्या नाहीत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. लिनक्सचा पेंग्विन टक्स यात गाडी हाकतो, सोबत जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं चिन्ह असलेला ग्नू हा आफ्रिकी प्राणीही आहे. फक्त अधिकृत साइटवरूनच उतरवा, भलत्या साइटवर सोबत काहीही चिकटून येतं.

माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, साधं इंटेल ग्राफिक्स. पहिल्या शर्यतीत चित्र अडखळत होतं, पंखा घोंघावत होता. सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्सचा स्तर अगदी खाली आणला, रिझोल्यूशनही कमी केलं आणि गाडी लोण्यासारखी पळायला लागली. तुम्हीही आधी हेच करा, मग एकेक पायरी वर चढवून बघा.

दिशेच्या बाणांनी गाडी चालते, स्पेसबारने हाती आलेलं हत्यार, ‘एन’ने नायट्रो, म्हणजे थोडा वेळ जादा वेग. पण खरी मजा ‘व्ही’मध्ये आहे. वळणावर बाणासोबत ते दाबून धरलं की गाडी घसरत जाते, चाकांतून ठिणग्या उडतात. त्या दिसल्यावर बोट सोडलं की गाडी झटक्यात पुढे! हे जमेपर्यंत मी कायम शेवटून पहिला असायचो. दोन-तीन संध्याकाळी त्यावरच घालवा, हरलात तरी चालेल.

एकाच लॅपटॉपवर पडदा विभागून दोघांना खेळता येतं, इंटरनेट लागत नाही. २०१९ च्या १.० आवृत्तीपासून ऑनलाइन शर्यतीही आहेत. भाऊ-बहीण घरी असतील तर मात्र पडदा विभागूनच खेळा.