बॅकडोअर रॉथ केलं आणि सीपी२००० आली: आयआरएसला (अमेरिकेच्या करखात्याला) नेमकं काय पाठवायचं?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघंही टेक्ससमध्ये नोकरी करतो. उत्पन्न जास्त असल्याने रॉथ आयआरएमध्ये (कर भरलेल्या पैशांचं निवृत्ती खातं) थेट पैसे भरता येत नाहीत. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये दोघांनी आपापल्या ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (भरताना करवजावट मिळू शकते असं निवृत्ती खातं) ६,५०० डॉलर भरले आणि काही दिवसांनी ते रॉथमध्ये वळवले, म्हणजे बॅकडोअर रॉथ केलं. रिटर्न घरीच सॉफ्टवेअरवर भरलं. आता सीपी२००० नोटीस आली आहे: माझे ६,५१२ आणि बायकोचे ६,५०९ मिळून १३,०२१ डॉलर उत्पन्न दाखवलेलं नाही, त्यावर ३,१२५ डॉलर कर, शिवाय व्याज. त्या पैशांवर कर आधीच भरलेला होता. कटकट नको म्हणून भरून टाकावं का? की १०४०-एक्स (सुधारित रिटर्न) भरावा?

उत्तर: भरू नका. १०४०-एक्सही नको. सीपी२००० म्हणजे बिल नव्हे. ‘आमच्याकडे आलेले कागद तुमच्या रिटर्नशी जुळत नाहीत, आम्ही असा असा बदल करू म्हणतो, तुमचं काय म्हणणं आहे?’ एवढंच ती विचारते. सोबत उत्तराचा छापील फॉर्म असतो आणि उत्तर त्यावरच द्यायचं असतं. वेगळा १०४०-एक्स पाठवला तर तो दुसऱ्याच टेबलावर जाऊन पडतो आणि एका प्रकरणाची दोन होतात. या नोटिशीशी संबंध नसलेली आणखी काही दुरुस्ती करायची असेल, तरच तो भरा. तेव्हाही वर ठळक ‘सीपी२०००’ लिहून उत्तराच्या फॉर्ममागे जोडा.

बिनसलं कुठे, ते ब्रोकरने पाठवलेल्या १०९९-आर (खात्यातून निघालेली रक्कम सांगणारा फॉर्म) वर दिसेल. रकाना १ मध्ये ६,५१२, रकाना २ए मध्येही ६,५१२, आणि २बी मधल्या ‘करपात्र रक्कम ठरवलेली नाही’ या चौकोनात फुली. तुम्ही भरलेल्या रकमेची वजावट घेतली की नाही, हे ब्रोकरला ठाऊक नसतं. ती फुली तेच सांगते. पण ताळमेळ घालणारा संगणक २ए मधला आकडा उचलतो. हे पैसे कर भरलेले होते, म्हणजे त्यांना ‘बेसिस’ होता, हे आयआरएसला सांगणारा फॉर्म एकच, ८६०६. तुमच्या बाबतीत तो गेलेला नसणार, किंवा चुकीचा गेला असणार. रिटर्न जोडीने भरलं तरी ८६०६ माणशी वेगळा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये एकाचा भरला आणि दुसऱ्याचा राहिला, हे फार वेळा होतं.

आधी रिटर्नची प्रत उघडा आणि तीन गोष्टी पाहा. १०४० (मुख्य रिटर्न फॉर्म) च्या ओळ ४ए मध्ये १३,०२१ आणि ४बी मध्ये करपात्र रक्कम आहे का? दोन ८६०६ जोडलेले आहेत का? आणि शेड्यूल १ ची ओळ २० रिकामी आहे का? ही तिसरी गोष्ट महत्त्वाची. तिथे ६,५०० दिसले, तर सॉफ्टवेअरने तुम्हाला आयआरएची वजावट देऊन टाकली आहे. मग बेसिस उरत नाही. दोघांनाही ऑफिसचा ४०१(के) (नोकरीतली निवृत्ती योजना) असेल, तर या उत्पन्नात ती वजावट मुळात मिळतच नव्हती. मग तीही काढावी लागेल आणि हिशेब सगळाच नव्याने मांडावा लागेल. ओळ २० रिकामी असेल तर पुढे चला.

आता ८६०६ भरा, पण २०२३ सालचा. आयआरएसच्या साइटवर मागच्या वर्षांचे फॉर्म वेगळे ठेवलेले असतात. या वर्षीच्या फॉर्मवर २०२३ चे आकडे घालून पाठवू नका. तुमचा असा होईल:

ओळ १: ६,५००. ओळ २: ० (आधीच्या वर्षांचा बेसिस नाही असं धरून). ओळ ३: ६,५००. ओळ ४: ०, कारण पैसे २०२३ मध्येच भरले. ओळ ५: ६,५००. ओळ ६: ३१ डिसेंबर २०२३ ला तुमच्या सगळ्या ट्रॅडिशनल, सेप आणि सिंपल आयआरएमधली (शेवटचे दोन नोकरी-धंद्यातून उघडलेले) शिल्लक. खातं रिकामं असेल तर ०. ओळ ७: ०. ओळ ८: ६,५१२. ओळ ९: ६,५१२. ओळ १०: ६,५०० भागिले ६,५१२.

इथे जरा थांबा. फॉर्म म्हणतो, ‘किमान’ तीन दशांश स्थळं. तीनच घेतली तर ०.९९८ येतात, ओळ ११ वर ६,४९९ आणि करपात्र रक्कम १३ डॉलर. पाच स्थळं घेतली, ०.९९८१६, तर ओळ ११ वर बरोबर ६,५०० आणि ओळ १८ वर १२ डॉलर, म्हणजे मधल्या दिवसांत मिळालेलं व्याज. फरक एका डॉलरचाच, पण तीन स्थळांच्या हिशेबात ओळ १४ वर एक डॉलर बेसिस शिल्लक राहतो आणि मग तो वर्षानुवर्षं वाहत बसावा लागतो. पाच स्थळं घ्या. ओळ १३ वर ६,५००, ओळ १४ वर ०. दुसऱ्या भागात ओळ १६ वर ६,५१२, ओळ १७ वर ६,५००, ओळ १८ वर १२.

बायकोच्या फॉर्मवर तिचा सोशल सिक्युरिटी नंबर, आणि शेवटी ९ डॉलर करपात्र. म्हणजे दोघांचं न दाखवलेलं उत्पन्न २१ डॉलर. नोटिशीतल्या आकड्यांवरून तुम्ही २४ टक्क्यांच्या टप्प्यात दिसता, तेव्हा खरा कर साधारण ५ डॉलर. ते आपणहून मान्य करा. १३,०२१ पैकी २१ मान्य, बाकी अमान्य, असं स्पष्ट लिहिलेलं उत्तर वाचणाऱ्याला लगेच पटतं.

पाकिटात क्रमाने हे घाला. सगळ्यात वर उत्तराचा फॉर्म, त्यावर ‘बदल मान्य नाहीत’ या अर्थाच्या चौकोनात खूण. मग एका पानाचं निवेदन: कोणत्या तारखेला किती भरले, वजावट घेतली नाही, कोणत्या तारखेला किती वळवले, ८६०६ सोबत आहे, ओळ १८ नुसार करपात्र इतकेच. मग दोघांचे ८६०६, सुटे जात असल्याने पान २ वर सही आणि तारीख घालून. मग १०९९-आर च्या प्रती आणि २०२३ चे ५४९८ (खात्यात काय जमा झालं ते सांगणारे फॉर्म). ट्रॅडिशनल खात्याच्या ५४९८ वर रकाना १ मध्ये ६,५०० दिसतील, रॉथच्या ५४९८ वर रकाना ३ मध्ये वळवलेली रक्कम. शेवटी ट्रॅडिशनल खात्याचं शून्य शिल्लक दाखवणारं डिसेंबरचं स्टेटमेंट. प्रत्येक पानावर नाव, सोशल सिक्युरिटी नंबर, करवर्ष २०२३ आणि सीपी२०००. मूळ कागद पाठवू नका.

उत्तराची शेवटची तारीख पहिल्या पानावर छापलेली असते. टपालाने पाठवलंत तर सर्टिफाइड मेल आणि पोचपावती. फॅक्स किंवा ऑनलाइन अपलोडही चालतं. कुठे पाठवायचं ते नोटिशीवर असतं. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधी फोन करून वाढवून मागा.

पटलं तर प्रकरण बंद केल्याचं पत्र येतं, बहुधा सीपी२००५. ते रिटर्नसोबत जपून ठेवा. ८६०६ भरला नाही म्हणून फॉर्ममागे ५० डॉलर दंडाची तरतूद आहे. सबळ कारण दिलं तर तो माफ होऊ शकतो, म्हणून राहून गेल्याचं कारण निवेदनात एका ओळीत लिहा. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, पण तो असलेल्या राज्यांतल्या वाचकांसाठी: फेडरल बदल आयआरएस राज्याच्या करखात्यालाही कळवते. त्यामुळे चुकीची सीपी२००० मान्य केली, तर त्याच रकमेवर राज्यही कर मागू शकतं.

प्रश्न: माझंही असंच झालं. पण आधीच्या नोकरीतल्या ४०१(के) चे पैसे मी एका जुन्या ट्रॅडिशनल आयआरएमध्ये आणून ठेवले होते. त्या खात्याला हातही लावला नाही. ६,५०० नव्या, वेगळ्या खात्यातून वळवले. ३१ डिसेंबरला जुन्या खात्यात ५८,५०० होते. तरी करपात्र शून्यच ना?

उत्तर: नाही. तुमच्या बाबतीत नोटीस बरीचशी बरोबर आहे. खाती किती आणि कुठल्या कंपनीत, याला अर्थ नाही. तुमच्या सगळ्या ट्रॅडिशनल, सेप आणि सिंपल आयआरए मिळून एकच पातेलं धरलं जातं. त्यात साखर विरघळली की वरचा गोड चमचाच तेवढा काढला, असं म्हणता येत नाही.

ओळ ६ वर ५८,५००, ओळ ८ वर ६,५००, ओळ ९ वर ६५,०००. ओळ १० वर ६,५०० भागिले ६५,०००, म्हणजे ०.१००. वळवलेल्या ६,५०० पैकी करमुक्त फक्त ६५०, करपात्र ५,८५०. नोटीस पूर्ण ६,५०० मागत असेल तर ६५० चा वाद घाला, तोही ८६०६ जोडूनच. उरलेला ५,८५० चा बेसिस ओळ १४ वर जातो आणि पुढच्या वर्षीच्या ओळ २ वर येतो. तो वाया जात नाही, पण लिहून ठेवला नाही तर तुमच्याच पैशांवर दुसऱ्यांदा कर भराल.

कन्व्हर्जन (रॉथमध्ये वळवणं) उलटवता येणार नाही. २०१८ पासून ती सोय बंद आहे. पुढच्या वर्षांसाठी मात्र वाट आहे. सध्याच्या नोकरीतला ४०१(के) बाहेरचे पैसे घेत असेल, तर कर न भरलेली आयआरएमधली रक्कम ३१ डिसेंबरच्या आत त्यात हलवा. ४०१(के) मधली रक्कम ओळ ६ मध्ये धरत नाहीत. जोडीदाराचा आयआरएही नाही.

प्रश्न: एप्रिल २०२४ मध्ये मी ‘२०२३ साठी’ ६,५०० भरले आणि त्याच आठवड्यात वळवले. २०२४ च्या रिटर्नला ८६०६ जोडला होता, तरी नोटीस आली. आता आम्ही पुण्याला परतलोय. जुन्या पत्त्यावरचं पत्र मित्राने फोटो काढून पाठवलं, तोवर महिना उलटून गेला होता.

उत्तर: भरणा २०२३ चा, कन्व्हर्जन २०२४ चं. म्हणून फॉर्मही दोन. २०२४ च्या ८६०६ वर ओळ २ मध्ये ६,५०० लिहिले असतील, तर ते कुठून आले हे २०२३ च्या ८६०६ ची ओळ १४ सांगते, आणि तो फॉर्म गेलेलाच नाही. आता भरा: २०२३ मध्ये पैसे काढले किंवा वळवले नसतील तर ओळ १ वर ६,५००, ओळ ३ वर ६,५००, तिथून थेट ओळ १४. सही करून प्रत उत्तराला जोडा. २०२४ च्या फॉर्मवर तुम्ही हीच रक्कम ओळ १ मध्ये लिहिली असेल तर तीही चूक. ती ओळ २ मध्ये हलवून सुधारलेला फॉर्म पाठवा.

मुदतीचं असं: अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांना सीपी२००० ला ६० दिवस मिळतात. पण पत्ता जुनाच असल्याने तुमच्या नोटिशीवर ३० दिवसांची तारीख छापलेली असेल. आजच फोन करा, आणि पुण्याहून टपालाच्या भानगडीत न पडता कागद अपलोड किंवा फॅक्स करा. फॉर्म ८८२२ भरून पत्ता बदला, नाहीतर पुढचं पत्रही मित्राकडेच जाईल. ते पुढचं पत्र सीपी३२१९ए (कर लावण्याआधीची कायदेशीर नोटीस) असेल तर त्याची मुदत फोन करून वाढत नाही. ९० दिवसांत (पत्र अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीला पाठवलेलं असेल तर १५०) यू.एस. टॅक्स कोर्टात अर्ज गेला पाहिजे. शुल्क ६० डॉलर, अर्ज ऑनलाइन करता येतो. तोवर आयआरएसशी कागदांची देवाणघेवाण चालू असली तरी ही तारीख पुढे सरकत नाही.