रोलर येण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला फोटो दोनदा मोठा करून पाहिला. ड्रेनेज लाइनचा चर, त्यात सोडलेली टेप, काठावर कंत्राटदाराच्या सुपरवायझरचे बूट आणि खाली तुझा प्रश्न, "सर, खोली किती लिहू?" चर निम्मा भरलेला दिसतोय. तू टेप टेकवली आहेस तो तळ नव्हे, परवाचा भराव आहे. खरी खोली आता सुपरवायझरला माहीत आणि पोकलेनवाल्याला माहीत. एमबीवर, म्हणजे मोजमाप पुस्तकावर, सही मात्र तुझी.

"आधीचे साहेब चेंबरपाशी मोजून मधली सरासरी घ्यायचे," असं सुपरवायझर तुला म्हणाला. खोटं बोलत नसेल. नोकरीत असताना मीही घ्यायचो. म्हणूनच फोनवर दोन वाक्यांत न उरकता सविस्तर लिहायला बसलोय.

बांधकाम विभागात लागून तुला चार महिने झाले, तेव्हा हे तुझ्याही लक्षात आलं असेल: आपली निम्मी कामं झाकली जाण्यासाठीच होतात. पाइपावर मुरूम पडतो, सोलिंगच्या दगडांवर खडी, सळईवर काँक्रीट, खडीवर डांबर. वर्षा-दोन वर्षांनी फाइल रेकॉर्ड रूमला जाते आणि तुझा साहेब बदलून दुसऱ्या झोनला. मग तिथे खाली काय आहे हे सांगायला मोजमाप पुस्तकाखेरीज कुणी उरत नाही. पानांवर छापील क्रमांक असतात ते उगाच नाही. पान फाडायचं नाही, खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. तुमच्याकडे आता बिलं संगणकावर होतात, होऊ देत. माप साइटवरच लिही. कच्च्या कागदावर घेऊन घरी 'फेअर' करायची सवय लागली की आकडे सुबक दिसायला लागतात, आणि सुबक आकड्यांवर माझा तरी विश्वास नाही. आणखी एक. साखळीचा, म्हणजे लांबी मोजायला जिथून सुरुवात करतो तो, शून्य बिंदू 'पानटपरीपासून' असा लिहू नकोस. टपरी अतिक्रमणवाले उचलून नेतात. शाळेच्या कुंपणाचा कोपरा, पुलाचा कठडा असं काहीतरी धर.

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकातली, तुझ्या जन्माआधीची. एका जुन्या गावठाणात ड्रेनेज लाइन टाकत होतो. तेव्हा स्टोनवेअरचे पाइप असत, एका माणसाला उचलता येणारे. तीस-तीस मीटरवर चेंबर, उतार तीस मीटरला तीस सेंटीमीटर. दोन चेंबरमधल्या एका गाळ्यात मधोमध खडक लागला. खोदाईचे दर तुला पाठच असतील: मातीला एक, मुरमाला एक, नरम खडकाला एक आणि कठीण खडकाला सगळ्यात जास्त. कंत्राटदाराने कठीण खडकाचं माप मागितलं. मी दोन्ही चेंबरपाशी खोली मोजली, खडक डोळ्यांनी पाहिला होता, सरासरी लावली आणि दिलं. प्रत्यक्षात त्याने खडक फोडलाच नव्हता. पाइप खडकावरून वर चढवून पलीकडे खाली उतरवला होता. पैसे कठीण खडकाचे, खडक जागच्या जागी.

पकडायला सोपं होतं. एका चेंबरमध्ये टॉर्च धरायची, दुसऱ्यात आरसा. पाइप सरळ असेल तर आरशात पूर्ण गोल दिसतो. मध्ये उंचवटा असेल तर अर्धा चंद्र दिसतो किंवा काहीच नाही. पाच मिनिटांचं काम. पण मार्चची तीस तारीख होती. लेखा विभागात एकतीसला रात्रीपर्यंत बिलं घेत होते, निधी परत जाणार होता, साहेब दर तासाला फोन करत होते. आरसा कचेरीतल्या कपाटात राहिला. त्या गल्लीत पुढची सहा वर्षं दर पावसाळ्यात खालच्या घरांच्या मोऱ्यांतून मैला उलटा येत राहिला. पाण्याच्या जोराने लाइन मोकळी करणारं जेटिंग मशीन जायचं, दोन महिने बरं, पुन्हा तेच. सहा वर्षांनी दुसऱ्याच अभियंत्याने उकरलं तेव्हा कळलं. मला नोटीस आली, खुलासा दिला, एक वेतनवाढ गेली. तोवर त्या गल्लीतल्या माणसांनी आपापल्या खर्चाने मोऱ्या उंच करून घेतल्या होत्या. वेतनवाढीपेक्षा तेच जास्त लागलं.

मार्चएंड तुझ्याही वाट्याला दरवर्षी येणार आहे, त्यातून सुटका नाही. जानेवारीतच यादी कर: कोणतं काम खरंच संपेल, कोणाचं फक्त चालू देयक, म्हणजे झालेल्या कामापुरतं बिल, निघेल, कोणतं पुढच्या वर्षात ढकलावं लागेल. उपअभियंत्यांना लेखी दे. जानेवारीत दिलेली वाईट बातमी साहेब ऐकून घेतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिली तर तुलाच ऐकून घ्यावं लागतं.

जमिनीखालचं आधीच असलेलं जाळं ही दुसरी डोकेदुखी. निविदेसोबतच्या नकाशावर पाण्याची लाइन ज्या रेघेत दाखवलेली असते, त्या रेघेत ती असेलच असं नाही. कधी दोन मीटर डावीकडे, कधी अजिबातच नाही. काम सुरू करण्याआधी प्रत्येक वळणापाशी आणि चौकात चाचणी खड्डे घे, हाताने, पोकलेनने नव्हे. आणि पाणीपुरवठ्याच्या चावीवाल्याला गाठ. पंचवीस वर्षं रोज पहाटे व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस आहे तो. कुठली लाइन कधी टाकली, कुठे जोड आहे, कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गेलाय, हे त्याला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुठल्याही संगणकीय नकाशाला नाही. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जाईल. म्हणून त्याला हाताशी धरून ज्या-ज्या जागा सापडतील त्या नकाशावर मापांसह मांड. माझ्या उमेदवारीत हे केलं असतं तर एक मोठी जलवाहिनी फुटण्यापासून वाचली असती. अर्ध्या शहराला दोन दिवस पाणी नव्हतं. तो किस्सा भेटीत सांगेन, पत्रात शोभणार नाही.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची गोष्ट तुला कुणी ना कुणी ऐकवलीच असेल. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो कंपनीने केला, दहा वर्षांची हमी दिली आणि दशकं लोटली तरी खड्डा नाही. ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण हमीवर थांबतो. हमी आज तुझ्या निविदेतही आहे, दोष दायित्व कालावधी या नावाने, आणि त्यासाठी सुरक्षा ठेवही राखून ठेवलेली असते. तरी खड्डे पडतात. माझं आपलं मत असं की रस्ता सर्वांत जास्त मारते ती खोदाई, आणि खोदलेला चर नीट न दाबता वर फक्त डांबर ओतणं. केबलवाला पैसे भरून परवानगी घेतो, महिन्यात चर बुजवतो, पहिल्या पावसात तो खचतो आणि हमी देणारा कंत्राटदार हसत म्हणतो, "हा माझा खड्डा नाही." त्याचं म्हणणं कागदावर बरोबर असतं. म्हणून तुझ्या रस्त्याच्या हमीच्या काळात कुणी, कुठे, किती मीटर खोदलं याची तारखेसह नोंदवही ठेव. वाद उकरला गेला की तुझ्या बाजूने तेवढंच बोलेल.

पातळ्यांबद्दल जास्त लिहीत नाही, कारण लेव्हल घ्यायला तू कॉलेजात शिकली आहेस. एवढंच सांगतो, आपल्या कामाची पातळी तपासताना शेजारच्या कामाचीही तपास. अंधेरीचा गोखले पूल आठव. २०१८ च्या जुलैत त्याचा एक भाग रुळांवर कोसळला, २०२२ च्या नोव्हेंबरात पूल बंद झाला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नव्याची एक बाजू उघडली तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल त्याच्यापेक्षा खालीच राहिलेला सगळ्या मुंबईने पाहिला. शेवटी बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला आणि जोडला. यामागे कारण होतं. रेल्वेच्या नव्या निकषांप्रमाणे रुळांवरची उंची वाढवावी लागली होती. अभियंत्याला ते समजतं. पण कारण असणं वेगळं आणि ते उद्‌घाटनाआधी लोकांना सांगणं वेगळं. तुझ्या गटाराची पातळी रस्त्याच्या कडेशी आणि रस्त्याची पातळी सोसायटीच्या फाटकाशी जुळते का, हे पाहणंही त्याच जातीचं काम आहे, लहान आकाराचं. थरावर थर चढवून रस्ता घरापेक्षा उंच झालेल्या गल्ल्या तू पाहिल्याच असशील.

काँक्रीटच्या दिवशी साइट सोडायची नाही. आरएमसीची, म्हणजे प्लांटवरून तयार काँक्रीट आणणारी, गाडी आली की आधी चलन बघ, प्लांटवरून किती वाजता सुटली ते. वाहतुकीत अडकलेल्या गाडीतला माल घट्ट होतो आणि ड्रायव्हर पाइपने पाणी सोडतो. मजुरांना ओतायला सोपं जातं, सगळे खूश. तुझ्यासमोर स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे त्याची चाचणी, घ्यायला लाव. ताकद तपासायचे नमुन्याचे क्यूब भरताना माल गाडीच्या मधल्या भागातला घे, आणि ओल्या क्यूबवर खिळ्याने तारीख व स्वतःची सही कोर. नाहीतर प्रयोगशाळेत पोचणारे क्यूब वेगळ्याच, जास्त सिमेंटच्या कालवणातले असतात आणि अठ्ठावीस दिवसांनी इतका सुंदर निकाल येतो की लाज वाटावी. डांबराला थर्मामीटर. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा हॉटमिक्स पसरताना १४० अंशांखाली गेलेला असेल तर गाडी परत पाठव. पहिली गाडी परत पाठवलीस की पुढच्या दहा आपोआप गरम येतात.

माणसांबद्दल थोडं. प्रभागातले माननीय नगरसेवक साइटवर येतील आणि म्हणतील, "मॅडम, गटार आणखी चाळीस मीटर पुढे घ्या, लोकांची मागणी आहे." मागणी बहुतेक वेळा खरी असते. नाही म्हणून भांडू नकोस. पण हो म्हणून कंत्राटदाराला कामाचा इशाराही करू नकोस. निविदेतलं परिमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं की करारातला क्लॉज ३८ लागतो, दराचा प्रश्न उभा राहतो, आणि नवी बाब असेल तर दर पृथक्करण, म्हणजे नवा दर कसा आला त्याचा हिशेब, मंजुरी, सगळं आलं. तोंडी सांगून केलेलं जादा काम बिलाच्या वेळी कुणाचंच नसतं. माननीय म्हणतात मी फक्त सुचवलं, साहेब म्हणतात मला कळवलंच नाही. "साहेब, तुमचं पत्र द्या, मी उद्याच प्रस्ताव टाकते," असं अदबीने म्हण आणि खरंच टाक. कंत्राटदाराला द्यायच्या सूचना साइटवरच्या सूचना वहीत लिही आणि त्याची पोच घे. चहा पी त्याचा, काही बिघडत नाही. जेवण नको.

एक गोष्ट मात्र सल्ला म्हणून नाही, आज्ञा म्हणून घे. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय माणूस उतरता कामा नये. भारतीय मानकातच ते लिहिलंय. काळ्या मातीचा चर उन्हात भिंतीसारखा उभा दिसतो आणि एका सरीनंतर न सांगता बसतो. आणि चालू ड्रेनेजच्या चेंबरमध्ये कुणालाही उतरवायचं नाही. "पाचच मिनिटं, मॅडम, जोड बघून येतो," असं म्हणणारा मजूर असतो, आणि त्याला काढायला उतरणारा त्याचा भाऊ असतो. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी तुला हेच सांगितलं असतं. यासाठी काम दोन दिवस थांबलं, साहेब चिडले, तर माझं नाव सांग. निवृत्त माणसाला कुणी काही करू शकत नाही.

आता तुझा चर. पोकलेनवाल्याला आज रात्रीच निरोप दे. त्या भरावात तीन ठिकाणी उकर: दोन्ही चेंबरच्या मधोमध एक आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक. पाइपाच्या माथ्यापर्यंत मशीनने, शेवटचा हातभर फावड्याने. प्रत्येक ठिकाणी खोली आणि पाइपाची लेव्हल घे, फोटोत टेपचा आकडा आणि साखळी दोन्ही दिसू देत. मग आरसा लाव. सुपरवायझर कुरकुर करेल, उकरायचे पैसे कोण देणार म्हणून. सांग की माप देण्याआधी झाकलं त्याने, उकरायचंही त्यानेच. निविदेच्या अटींतच ते सापडेल, वाचून जा. लाइन बरोबर निघाली तर त्याच्यासमोर तसं लिही आणि चहा तू पाज.

रोलर दहाला येणार म्हणालीस ना? मग आठला पोच.

तुझा,
सर