खो-खो थांबवू नका, सर

पत्र: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलीला दहावीला ९१ टक्के होते. शाळेकडून खो-खो खेळत ती राज्य पातळीपर्यंत गेली. अकरावीपासून तिला लातूरला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी वसतिगृहात ठेवलं आहे, यंदा बारावी. दोन वर्षं खेळ बंद ठेवायचा असं ठरलं होतं आणि तिनेही ते मान्य केलं होतं. आता म्हणते, डॉक्टर व्हायचं नाही, मुलांचा खेळ आणि आरोग्य यावर संशोधन करायचं आहे. वसतिगृहातल्या मुलींना विचारून तिने एक वही भरली आहे : कोण काय खेळायची, कितवीत सुटलं, का सुटलं. सराव परीक्षेत गुण ७२०पैकी ४३०च्या पुढे सरकत नाहीत. झोप नीट नाही, सारखी थकलेली असते, पण तिकडे सगळ्याच मुलांचं तसं असतं. सुट्टीत आली की आईला घरकामात मदत करते, तेवढा व्यायाम होतो. असा काही कोर्स असतो का? स्कोप काय? की शेवटी पी.टी.चीच नोकरी? मॅडम, तिला तुम्हीच दोन शब्द समजावून सांगा.
– एक पालक, धाराशिव जिल्हा

नमस्कार सर,

कोर्स आणि स्कोपचं पुढे सांगते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला ओलांडून पुढे जाता येत नाही. ‘सारखी थकलेली असते, पण तिकडे सगळ्याच मुलांचं तसं असतं.’ सर, तुमच्या वर्गातली एखादी चपळ मुलगी महिनाभर बाकावर पेंगत बसली, तर तुम्ही तिच्या घरच्यांना निरोप धाडाल. तिच्या शेजारच्या चार मुली पेंगत असल्या म्हणून तुम्ही तो विषय सोडून देणार नाही, उलट जास्त काळजीत पडाल. मग स्वतःच्या मुलीच्या बाबतीत ही सूट कशी दिलीत?

तेव्हा पहिलं काम नीटचं नाही, डॉक्टरांकडे जायचं आहे. तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. तुमची मुलगी त्यांच्यात आहे की नाही, हे घरबसल्या कळणार नाही. पाळी वेळेवर येते का, जेवण पोटभर होतं का, रात्री किती वाजता दिवा बंद होतो, हे तिच्या आईला विचारू द्या. तिच्याशी एकटीशी, सावकाश, फोनवर नव्हे.

आता ‘तिनेही मान्य केलं होतं’ याबद्दल. दहावीचा निकाल नुकता लागलेला, घरात पेढे, वडील शिक्षक, लातूरच्या प्रवेशाचे आणि वसतिगृहाचे पैसे भरून झालेले. अशा वेळी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने मान हलवली, तर त्याला संमती म्हणायचं का? नाही म्हणायला तिला जागा कुठे होती? मी तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलंत, याबद्दल मला शंका नाही. पण रोज दोन तास पळणारी, खांबाला वळसा घालून सूर मारणारी मुलगी तुम्ही एका जूनपासून खुर्चीवर बसवलीत. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, रात्री अभ्यासिका. शरीराने ते निमूट सोसलं असं वाटतं, पण थकवा आणि झोपमोड ही त्याचीच तक्रार असू शकते.

आणि गुण? खेळ बंद होऊन वर्ष उलटलं आणि गुण ४३०लाच अडलेत. निदान या गुणांचं खापर तरी खो-खोवर फोडता येणार नाही.

खेळात गेलेला तास अभ्यासातून वजा होतो, ही समजूत पालकांमध्ये फार खोल रुजली आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१०मध्ये शाळेतल्या शारीरिक हालचालीचा आणि अभ्यासाचा संबंध तपासणाऱ्या ५० अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात नोंदवलेल्या संबंधांपैकी निम्म्यांहून किंचित जास्त ठिकाणी हालचालीचा अभ्यासाशी चांगला संबंध दिसला, जवळपास उरलेल्या सगळ्या ठिकाणी फरक दिसला नाही, आणि वाईट संबंध दिसला तो फक्त दीड टक्का ठिकाणी. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही, खो-खो खेळल्याने नीटचे गुण वाढतील असं यातून सिद्ध होत नाही. पण खेळाला वेळ दिला म्हणून मुलं मागे पडतात, याला फारसा आधार सापडत नाही. तुम्ही ज्या भीतीपोटी मैदान बंद केलंत, ती भीतीच कच्च्या पायावर उभी आहे.

आता घरकामाच्या व्यायामाकडे येते. हे वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण तुमच्या मुलीच्या विषयाचं अर्धं मर्म त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायूंना, हाडांना ताकद देणारी. संघटनेच्या संशोधकांनी २०१९मध्ये १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांची आकडेवारी मांडली. जगातली ८१ टक्के मुलं या मापात बसत नव्हती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. त्यात भारत आणि बांगलादेशातल्या मुलींचं चित्र इतर देशांपेक्षा बरं दिसत होतं. का? मैदानं भरली होती म्हणून नव्हे. संशोधकांनी जो संभव मांडला तो असा : या मुलींवर घरकामाचा भार जास्त आहे.

हे वाचून मला तरी आनंद झाला नाही. घागर उचलणं, धुणं, झाडलोट यात हालचाल होते, ती मोजलीही जाते. पण त्यात स्वतः ठरवलेलं काही नसतं, जिंकणं-हरणं नसतं, मैत्रिणी नसतात, आणि दमलं म्हणून थांबताही येत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाचा. त्यात शेतातल्या आणि घरच्या कष्टांची नीट मोजदाद झाली, आणि गरोदरपणात ज्यांचे कष्ट जास्त, त्यांची बाळं लहान भरली. म्हणजे शरीर हलतंय एवढ्यावर भागत नाही. कोण हलवतंय, कशासाठी, पोटात काय आहे आणि विश्रांती मिळते का, हे सगळं बघावं लागतं. आईला तिला मदत करू द्या, घरात मुलगा असेल तर त्यालाही. पण तिच्या व्यायामाच्या खात्यावर ते मांडू नका.

तुमच्या पत्रात आणखी एक गैरसमज आहे, तो म्हणजे खेळ आणि आरोग्यावरचं संशोधन हे पी.टी.च्या नोकरीचंच मोठं नाव. (पी.टी.च्या शिक्षकांबद्दलचा तुमचा सूरही मला पटला नाही, सर. तुमच्या मुलीला राज्य पातळीपर्यंत त्यांच्यापैकीच कुणीतरी नेलं.) हे संशोधन मैदानात कमी आणि मोजमापात जास्त चालतं. त्याची सुरुवात खेळाडूंवरून झालीच नाही. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असत, आणि वाहक जिने चढ-उतार करत तिकिटं फाडत. जेरी मॉरिस या डॉक्टरने दोघांच्या आजारपणाच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि वाहकांना हृदयविकार कमी होतो हे १९५३मध्ये दाखवून दिलं. नोकरी एका कंपनीची, गाडी एकच, फरक हालचालीचा. पुढे इतरांनी त्यावर प्रश्न उभे केले, आणि चालक मुळातच जाड होते का हे बघायला मॉरिस यांनी वाहकांना आणि चालकांना दिलेल्या गणवेशांच्या कमरेची मापंसुद्धा तपासली. संशोधन असं चालतं. आपल्याकडे याज्ञिकांनी २००४मध्ये जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरबरोबर स्वतःचीच मापं छापली : दोघांचा बी.एम.आय. (उंचीच्या तुलनेत वजनाचं माप) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणारं भारतीय शरीर आतून तसं असेलच असं नाही, हे त्या दोन आकड्यांनी ठळकपणे दाखवलं. पुण्यातच जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत मुलांची वाढ आणि हाडं यांवर वर्षानुवर्षं काम चाललं आहे. या कामात डॉक्टर असतात, तसे आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, संख्याशास्त्रज्ञ आणि गावोगाव जाऊन मापं घेणाऱ्या बायाही असतात.

तर कोर्स. नावात ‘स्पोर्ट्‌स’ असलेली पदवी शोधत फिरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. या विषयात माणसं बहुधा पदव्युत्तर पातळीवर शिरतात. पदवी मात्र पक्क्या विषयाची हवी. बी.पी.टी.एच. म्हणजे फिजिओथेरपी, साडेचार-पाच वर्षं, आणि महाराष्ट्रात त्यालाही नीट लागते. बारावीला गणित असेल (तुम्ही लिहिलेलं नाही) तर बी.एस्सी. संख्याशास्त्र, आणि मला विचाराल तर माझं पहिलं मत याला. पुढे सार्वजनिक आरोग्य, किंवा मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत जैवसंख्याशास्त्र. खेळाच्या बाजूनेच जायचं असेल तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आणि इंफाळचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ. एम.बी.बी.एस. झालंच तर सामुदायिक वैद्यकशास्त्रातून हा रस्ता खुलाच राहतो.

स्कोपचं खरं सांगते. जागा थोड्या आहेत आणि वाट लांब आहे. पीएच.डी. धरून तिशी जवळ येईल. मधल्या काळात राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून (नेट) कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर २०२३पासून ती महिना ३७ हजार रुपये आहे, पण ती सगळ्यांना मिळत नाही. लवकर कमावणं ही तुमच्या घराची गरज असेल तर फिजिओथेरपी सुरक्षित, कारण तिथे पदवीनंतर हाताला काम असतं आणि संशोधनाचं दारही बंद होत नाही. हे गणित तिच्यासमोर आकड्यांसकट मांडा. सतरा वर्षांच्या मुलीला घरची परिस्थिती कळते.

तुम्ही मला तिला समजवायला सांगितलंत. तुमच्या बाजूने ते मी करणार नाही. पण तिच्याशी थोडं बोलते, हा भाग तिला वाचायला द्या.

बाळा, तुझी वही मला फार मोलाची वाटली. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली मुलींनी जिंकला, तो सगळ्यांनी पाहिला. मुलींचा खेळ सुटतो कधी आणि का, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं. तू विचारलंस. आता त्यातल्या उणिवा सांगते, कारण या क्षेत्रात कौतुकापेक्षा त्याच जास्त ऐकाव्या लागतात. तू फक्त वसतिगृहातल्या मुलींना विचारलंस. त्या सगळ्या हुशार म्हणून निवडलेल्या, फी भरू शकणाऱ्या घरांतल्या, एकाच परीक्षेच्या मागे लागलेल्या. तुझ्याबरोबर शाळेच्या संघात असलेल्या, गावातच राहिलेल्या मुलींचं काय झालं? कुणाचं लग्न ठरलं, कुणाला सातवीनंतर पाठवलंच नाही, त्या तुझ्या वहीत नाहीत. मुलग्यांना विचारलंस का? त्यांचाही खेळ नीटपायी सुटला असेल, तर कारण मुलगी असण्यात नाही, परीक्षेत आहे. दोन्ही रकाने शेजारी असल्याशिवाय हे कळणार नाही. ‘का सुटलं’ हे आधी विचारू नकोस. आधी कितवीत सुटलं, त्या वर्षी घरात, शाळेत काय बदललं ते विचार. कारण विचारलं की माणसं सोयीचं उत्तर देतात, तूही देशील. आणि वहीत कुणाचं नाव लिहू नकोस, क्रमांक टाक. पाळी, घरची भांडणं असं काही कुणी सांगितलं असेल तर ते तुझ्याजवळच राहायला हवं, वसतिगृहभर फिरायला नको.

एक प्रश्न स्वतःलाही विचार. तुला संशोधन हवंय, की खो-खो परत हवाय? दोन्ही हवं असेल तर उत्तमच. पण फक्त मैदान हवं असेल, तर त्यासाठी पीएच.डी.चा आधार घेऊ नकोस. वडिलांना सरळ सांग. संशोधनात दिवसचे दिवस संगणकासमोर आकडे साफ करण्यात जातात, ते तुला आवडेल का, हे वहीतली नोंद एक्सेलमध्ये भरायला लागलीस की आठ दिवसांत कळेल.

सर, पुन्हा तुमच्याकडे. येत्या रविवारी लातूरला जा. वसतिगृहाच्या बाईंना भेटून सकाळचा नाहीतर संध्याकाळचा एक तास मैदानासाठी मागून घ्या, लेखी. जवळपास खो-खोचा संघ नसेल तर पळणं, दोरीवरच्या उड्या, काहीही, पण रोज, आणि शक्यतो दोन-चार मुलींसोबत, म्हणजे खंड पडत नाही. हिमोग्लोबिनचा अहवाल हातात आल्याशिवाय जोराचा सराव सुरू करू नका. रात्रीची अभ्यासिका साडेदहाला बंद. नीटचा फॉर्म भरायचाच, कारण फिजिओथेरपीला तो लागणार आहे, पण तिच्या भिंतीवर ६५०चं लक्ष्य चिकटवलेलं असेल तर ते काढून टाका. राज्य पातळीची प्रमाणपत्रं जपून ठेवा. बोर्डाच्या सवलतीच्या गुणांसाठी शाळा-कॉलेजमार्फत प्रस्ताव जातो, तिची प्रमाणपत्रं त्यात बसतात का आणि मुदत काय, ते आत्ताच विचारून घ्या, आणि राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, तिथेही ती लागतील.

पुढचं पत्र तिने लिहावं. त्यात बारावीला गणित आहे की नाही ते, आणि वहीतल्या मुलींचा खेळ कितवीत सुटला याचा साधा तक्ता, एवढं पाठवलं तरी मला पुढचं सांगता येईल.