पोलीस दाखला मागितला आहे, पण कोणता?

प्रश्न : आमच्या मुलाला कॅनडात कायम वास्तव्यासाठी अर्ज करावयाचा आहे. त्यासाठी ‘पोलीस क्लिअरन्स’ लागतो असे समजल्यावरून आम्ही उभयता पोलीस ठाण्यात गेलो, तर ‘ऑनलाइन करा’ एवढेच सांगून आम्हाला परत पाठविण्यात आले. एका एजंटाने या कामाचे चार हजार रुपये सांगितले आहेत. मुलाच्या पासपोर्टवर लालबागच्या चाळीचा पत्ता आहे. परंतु चाळ पुनर्विकासाला गेल्यामुळे दोन वर्षांपासून आम्ही उपनगरात भाड्याने राहतो. काय करावे?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : या विषयावर आमच्याकडे जी पत्रे येतात, त्यांपैकी बहुतेकांतील घोटाळा एकाच ठिकाणी असतो. ‘पोलीस दाखला’ या एकाच नावाने आपण दोन निरनिराळी कागदपत्रे ओळखतो, ती देणारी कार्यालये निराळी आहेत आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. परदेशी नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा कायम वास्तव्य यांसाठी लागणारे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे बोलीतले ‘पीसीसी’, भारतीय पासपोर्टधारकाला परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील पासपोर्ट कार्यालय देते. पोलीस त्यासाठी केवळ पडताळणीचा अहवाल पाठवितात. (नुसत्या पर्यटनासाठी जाणाऱ्याला हे प्रमाणपत्र दिले जात नाही.) दुसरा दाखला राज्य पोलिसांचा असून त्याविषयी पुढील उत्तरात लिहिले आहे.

आपल्या चिरंजीवांनी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने खाते उघडून पीसीसीचा अर्ज निवडावा, तो भरून सादर करावा, ५०० रुपये शुल्क ऑनलाइन भरावे आणि भेटीची वेळ घ्यावी. शासनाचे शुल्क एवढेच आहे. चार हजारांपैकी उरलेले साडेतीन हजार हे आपल्याच घरात बसून जो अर्ज भरता येतो तो भरून देण्याची मजुरी आहे, हे लक्षात घेऊन निर्णय करावा. पासपोर्टप्रमाणे या प्रमाणपत्राला ‘तत्काळ’ अशी वेगळी सोय नाही. तेव्हा कोणी ‘तत्काळमध्ये करून देतो’ म्हणाल्यास त्याला तेथूनच नमस्कार करावा. शोधयंत्रावर वरच्या ओळींत दिसणारी काही संकेतस्थळेही हुबेहूब सरकारी थाटाची असतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ ही अक्षरे नसतील, तर तेथे पासपोर्टचा क्रमांक लिहू नये आणि पैसेही भरू नयेत.

भेटीसाठी मुंबईत लोअर परळ, अंधेरी आणि मालाड येथे पासपोर्ट सेवा केंद्रे आहेत. २८ सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीची सोय झाली असल्याने, एका ठिकाणी तारीख लांबची मिळत असेल तर दुसरे पर्याय पाहावेत. वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आहे खरे, परंतु अर्ज देण्यासाठी थेट तेथे जाऊन उभे राहण्याचे कारण नाही. केंद्रात जाताना मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या स्वसाक्षांकित प्रती आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा बरोबर असावा.

आता आपल्या प्रश्नातील खरा अवघड भाग, म्हणजे पत्ता. पासपोर्टवरचा पत्ता बदललेला नसेल आणि पूर्वीची पोलीस पडताळणी निर्वेध झालेली असेल, तर प्रमाणपत्र पुष्कळदा नव्या पडताळणीवाचून मिळून जाते. आपल्या बाबतीत पत्ता बदललेला असल्यामुळे पोलीस पडताळणी होणार हे धरूनच चालावे. अर्जात आज प्रत्यक्ष राहता तो पत्ता लिहावा. ‘पासपोर्टवर आहे तोच बरा’ म्हणून लालबागचा पत्ता लिहिलात, तर पडताळणीला आलेल्या पोलिसांना तेथे चाळीऐवजी पत्र्याचे कुंपण आढळेल आणि अर्जावर प्रतिकूल शेरा पडेल. भाड्याच्या घरासाठी नोंदणीकृत भाडेकरार, तोही मुलाचे नाव असलेला, उपयोगी पडतो. करार केवळ वडिलांच्या नावे असेल, आणि बहुतेक घरांत तसाच असतो, तर मुलाचे आधार कार्ड किंवा छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक नव्या पत्त्यावर आधी बदलून घ्यावे आणि मगच अर्ज करावा. इमारतीचे नाव, विंग, खोली क्रमांक आणि पिनकोड सर्व कागदांवर सारखे आहेत ना, हे एकदा शांतपणे ताडून पाहावे. एका कागदावर ‘को-ऑप. सोसायटी’ आणि दुसऱ्यावर नुसते ‘निवास’, एवढ्यावरूनही प्रश्न विचारले जातात.

पडताळणीच्या काळात मुलाने फोन उचलावा, अनोळखी क्रमांक म्हणून तोडू नये, आणि घराला कुलूप लावून सर्वांनी गावी जाऊ नये. शेजारी व सोसायटीचा रखवालदार यांना आधी कल्पना देऊन ठेवावी, कारण भाडेकरूंच्या इमारतीत ‘या नावाचे कोणी राहत नाही’ हे उत्तर अत्यंत सहज दिले जाते.

पासपोर्टची मुदत संपत आली असेल, तर आमच्या मते आधी पुनर्निर्गमनाचा, म्हणजे जुन्याच्या जागी नवा पासपोर्ट मिळण्याचा, अर्ज करून पत्ताही त्यातच बदलून घ्यावा. ३६ पानी पासपोर्टसाठी त्याचे शुल्क १५०० रुपये आहे. पीसीसीवर पासपोर्टचा क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे प्रमाणपत्र जुन्या क्रमांकाचे आणि पासपोर्ट नवा, अशी पंचाईत पुढे होत नाही. प्रमाणपत्रावर देशाचेही नाव असते. एका देशासाठी घेतलेले दुसऱ्या देशासाठी वापरता येत नाही.

वेळेविषयी एक सांगावेसे वाटते. अर्जदार ज्या देशात सध्या राहतो, तेथील प्रमाणपत्र अर्जाच्या आधी सहा महिन्यांच्या आत दिलेले असावे, अशी कॅनडाची अपेक्षा असते. म्हणून फार आधी घाई करून उपयोग नाही. उलट, ‘एक्सप्रेस एन्ट्री’ या कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठीच्या ऑनलाइन निवडपद्धतीतून आमंत्रण आल्यावर संपूर्ण अर्ज सादर करण्यास ६० दिवसच मिळतात, आणि पत्त्याचे पुरावे जुळविण्यातच त्यांतील अर्धे जाऊ शकतात. त्यामुळे पत्त्याची कागदपत्रे आजच दुरुस्त करावीत आणि प्रमाणपत्राचा अर्ज आमंत्रणाचा अंदाज आल्यावर करावा.

प्रश्न : मला विक्रोळीतील एका कंपनीत नोकरी मिळत असून तेथे ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ मागितले आहे. माझ्याकडे पासपोर्ट नाही. आधी पासपोर्ट काढावा लागेल का?
— एक वाचक, मीरा रोड

उत्तर : नाही. देशांतर्गत नोकरीसाठी मागतात तो वर्तणूक व चारित्र्य पडताळणीचा दाखला होय. तो राज्याच्या पोलीस क्लिअरन्स सेवेच्या संकेतस्थळावरून मिळतो आणि त्याचा पासपोर्टशी संबंध नाही. छायाचित्र, स्वाक्षरी, ओळख, वय व पत्ता यांचे पुरावे आणि कंपनीचे मागणीपत्र स्कॅन करून जोडावे लागते. मागणीपत्रावर आपले नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहून घ्यावे.

अर्ज करताना पोलीस आयुक्तालय निवडावे लागते, आणि नोकरी मुंबईत म्हणून मुंबई निवडण्याची चूक अनेकांकडून होते. पाहावयाचे ते राहण्याचे ठिकाण. मीरा रोड हे पूर्वी ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होते. २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार असे स्वतंत्र आयुक्तालय झाले आहे, तेव्हा आपण तेच निवडावे. ठाणे आणि नवी मुंबई यांचीही आयुक्तालये वेगळी आहेत. मुलुंडचा रहिवासी मुंबईत आणि नाका ओलांडून पलीकडचा ठाण्यात मोडतो.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी रूळ ओलांडताना मला पकडून रेल्वे न्यायालयात दंड झाला होता. शिवाय महाविद्यालयात असताना एका मारामारीत माझ्यावर गुन्हा नोंदला गेला आणि तो न्यायालयात तडजोडीने मिटला. अर्जात हे लिहावे का? दाखला नाकारला जाईल का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : रूळ ओलांडणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खालील गुन्हा आहे. दंड भरून आपण तासाभरात घरी आला असाल, तरी न्यायालयाने दिलेला तो दंड म्हणजे कायद्याच्या भाषेत दोषसिद्धीच होय. वाहतुकीच्या ई-चलानासारखी ती गोष्ट नाही. तथापि ती घाबरण्याजोगीही नाही. पासपोर्ट अधिनियम, १९६७ मध्ये दोषसिद्धीच्या कारणावरून पासपोर्ट नाकारण्याची जी तरतूद आहे, ती गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी किमान दोन वर्षांची शिक्षा झालेल्यांना लागू होते.

मारामारीचे प्रकरण न्यायालयासमोर कायदेशीर तडजोडीने मिटले असेल, तर त्याचा परिणाम दोषमुक्ततेसारखाच असतो. अडचण निराळीच येते. पोलीस ठाण्याच्या नोंदीत प्रकरण अद्याप प्रलंबितच दिसत असेल, तर पडताळणी अडते. म्हणून त्या न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवावी आणि पडताळणीला येणाऱ्या अंमलदाराला ती आपणहून दाखवावी. जुने प्रकरण शोधण्यास वेळ लागतो, हे काम अर्जाच्या आधी करावे.

लिहावे का, या प्रश्नाला मात्र आडपडदा नको. फॉर्ममध्ये जे विचारले आहे, त्याचे खरे उत्तर लिहावे. ‘कधी दोषी ठरला आहात का’ असे विचारले असेल, तर रुळाचा दंडही सांगावा. केवळ प्रलंबित खटल्यांविषयी विचारले असेल, तर मिटलेले प्रकरण त्यात येत नाही. पासपोर्टसाठी खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडविणे हा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात म्हटले आहे, की तरुणपणातील क्षुल्लक प्रकरणाची माहिती उमेदवाराने दिली नसली, तरी मालक ती चूक माफ करू शकतो. ‘करू शकतो’ यातील मर्जी मालकाची आहे. त्या मर्जीवर विसंबण्यापेक्षा दोन ओळींत खरे लिहून निकालाची प्रत जोडलेली बरी.

प्रश्न : मी तीन वर्षे दुबईत नोकरी करून परतलो आहे आणि आता ऑस्ट्रेलियाला अर्ज करतो आहे. भारतातील पीसीसी पुरेसे आहे ना?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : पुरेसे नाही. गेल्या दहा वर्षांत, वयाच्या सोळाव्या वर्षानंतर, ज्या ज्या देशात एकूण बारा महिने किंवा अधिक वास्तव्य झाले, त्या प्रत्येक देशाचे प्रमाणपत्र ऑस्ट्रेलिया मागते. दुबईचा दाखला संयुक्त अरब अमिरातीच्या अधिकाऱ्यांकडूनच घ्यावा लागेल आणि त्याची सोयही ऑनलाइन आहे. तेथील जुना निवासी ओळख क्रमांक हाताशी असेल तर काम सोपे होते. ते ओळखपत्र परत केले असले, तरी जुन्या व्हिसाच्या पानाची प्रत शोधून ठेवावी.