शिष्यवृत्ती अडली? आधी अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते बघा

प्रश्न : मी पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरून बरेच महिने झाले, पैसे नाहीत. ऑफिसात गेलं की ‘नंतर या’. तक्रार समितीकडे गेलीस तर प्रॅक्टिकलला मार्क कापतील, असं मैत्रिणी म्हणतात. काय करू?

उत्तर : तक्रारीचं पुढे बघू. आधी महाडीबीटीवर अर्जाची स्थिती उघडा. अर्ज पहिल्यांदा कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, त्यानंतर संबंधित विभागाकडे. ‘सेंट बॅक’ दिसत असेल तर तो तुमच्याकडेच परत आलाय, कॉलेजकडे नाही. शेरा वाचा. उत्पन्नाचा दाखला जुना असणं किंवा स्कॅन वाचता न येणं ही नेहमीची कारणं. दुरुस्त करून लगेच पाठवा.

अर्ज मंजूर होऊनही पैसे नसतील तर बँक तपासा. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारशी थेट लाभासाठी जोडलेल्या खात्यात येतात, आणि असं खातं एका वेळी एकच असतं. सिमकार्ड घेताना दुकानदाराने पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलं असेल, तर जोडणी गुपचूप तिकडे सरकलेली असू शकते. ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव दिसतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा, म्हणजे आधार जोडणीचा, फॉर्म भरावा लागतो. नुसती केवायसी पुरत नाही.

अर्ज लिपिकाकडेच पडून असेल तर तोंडी विचारणं थांबवा. प्राचार्यांच्या नावे पाच ओळींचा अर्ज लिहा : अर्जाचा आयडी, भरल्याची तारीख, सध्याची स्थिती. तो आवक-जावकच्या टेबलावर देऊन झेरॉक्सवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. निम्मी कामं या पोचेवरच हलतात.

तरीही हललं नाही, तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2023च्या नियमांत शिष्यवृत्तीतला विलंब हा तक्रारीचा विषय आहे. समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. मार्कांची भीती अगदीच निराधार म्हणणार नाही, पण ही तक्रार ऑफिसच्या कामाबद्दल आहे, तुमच्या प्राध्यापकांबद्दल नाही. अर्जात तसंच लिहा, कोणाचं नाव घेऊ नका. दोघीतिघींचे अर्ज अडले असतील तर एकत्र द्या.

तोवर मेसच्या पैशांची ओढाताण असेल तर विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी करा.

प्रश्न : कॉलेजच्या समुपदेशकाशी बोललो तर घरी कळवतात का?

उत्तर : एरवी नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र कळवावं लागतं. पहिल्याच भेटीत हे सरळ विचारा आणि नोंदी कुठे ठेवता तेही. कॉलेजातलं कोणी नको असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416 : चोवीस तास, मोफत, मराठीतही.